डाव्या हाताची जागा

मुलुंड (पूर्व),
६ ऑक्टोबर १९८६

सहदेवा,

तुझ्या पत्रांना असतं तसलं शिरसाष्टांगाचं तोरण माझ्या पत्राला नाही. मी तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि तुझं शेंबडं नाक मी माझ्या लग्नाच्या लुगड्याला पुसलंय. तेव्हा आशीर्वाद घे आणि पुढे वाच.

मालनवन्स गेल्याचं तुझं कार्ड श्रावणात मिळालं. खरं सांगू? रडू आलं नाही. डोक्यावरून आंघोळ केली, दिवा लावला आणि चहा प्याले. तुझी ती थोरली बहीण, पण माझी नणंद होती आणि तिने मला कसं नांदवलं ते तू उघड्या डोळ्यांनी पाहिलंयस. गुळाच्या बरणीला कुलूप लावणारी दुसरी बाई मी आजवर बघितली नाही. तिने फेकून मारलेल्या अडकित्त्याचा व्रण अजून माझ्या पायावर आहे. तुझे दादा मला मुंबईला घेऊन आले ते गिरणीतल्या नोकरीसाठी, असं सगळे समजतात. आम्ही वन्संना घाबरून पळालो होतो.

तू लिहिलंस, "मालनताई शांतपणे गेली." यावर माझा विश्वास नाही. आणि तिला बसवलंत कुठे, ते कार्डावर जागा असून लिहिलं नाहीस. लेकीला माहेरच्या गुंफेत जागा नसते आणि सासर तर तिचं सोळाव्या वर्षीच सुटलं. मग ठेवलंत कुठे तिला?

आता माझं काम. दिवाळी झाली की मी कातळशिऱ्याला येणार आहे, माझी जागा बघायला. इथे सुनेला हे सांगितलं तर ती माझं कपाळ चाचपायला लागली, ताप आहे का म्हणून. मग तिला समजावलं, अगं, आम्हा गोसाव्यांत जाळत नाहीत, मांडी घालून बसवतात. आणि कातळशिऱ्याला तर डोंगरातल्या गुंफांत, ओळीने. नवरा, त्याच्या डाव्या हाताला बायको. नवऱ्याची साठी झाली की दोघांनी वर जाऊन आपापल्या खड्ड्यात बसून माप द्यायचं. काथ्याच्या दोरीने उंची मोजून घ्यायची, बसवताना अंगाभोवती भरायचं मिठाचं पोतं आपलं आपणच आणून द्यायचं, खड्ड्यावर दगड झाकायचा आणि खाली येऊन कोंबडी-वडे खायचे. सून म्हणाली, "म्हणजे रिझर्व्हेशनच की!" म्हटलं, हो, आणि कन्फर्म.

एकोणऐंशी साली आम्ही दोघांनी माप दिलं. तुझे दादा त्र्याऐंशीत जाऊन बसलेसुद्धा. माझी जागा त्यांच्या डावीकडे रिकामी आहे आणि माझं पोतं तुझ्या माळ्यावर आहे. तुझ्या विमलाने त्यातलं लोणच्याला घेतलं असेल तर राग नाही, पण तेवढं परत भरून ठेव म्हणावं. मुलुंडच्या मिठागरातलं मीठ आहे ते, तुझे दादा स्वतः खांद्यावरून घेऊन आले होते.

जागा झाडून ठेव.

रत्नप्रभा


कातळशिरे,
१७ ऑक्टोबर १९८६

पूज्य रत्नप्रभावहिनींस सहदेवाने नाक स्वच्छ पुसून केलेला नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. वाचून फार आनंद झाला. तुम्ही गावी येणार म्हणजे आम्हाला दिवाळीच, पण ही दिवाळी जरा पुढे ढकलता आली तर बघा.

कारण असं, की यंदा पाऊस फार झाला आणि गुंफेकडे जायची वाट वाहून गेली आहे. दुसरं कारण, मोठ्या गुंफेच्या तोंडावर आग्या मोहोळ बसलंय. खोताच्या बैलाला परवाच फोडून काढलंन. तिसरं, विमलाचे गुडघे. तुम्ही आलात की ती ऐकणार नाही, तुमच्यासोबत वर चढणार. शिमग्याला यावं. तेव्हा पालखी असते, माणसं असतात, मोहोळही उठलेलं असेल.

जागेची काळजी करू नये. जागा आहे तिथेच आहे, जागा कुठे जाते? मिठाचंही तसंच. मीठ ते मीठ.

मालनताईचं सगळं रीतीप्रमाणे झालं. आणखी काय लिहू. भाताला लोंब्या चांगल्या आहेत.

आपला,
सहदेव


बोरिवली (पूर्व),
५ नोव्हेंबर १९८६

सहदेवा,

पत्ता बघ. भाऊबीज झाली आणि दरवर्षीसारखी माझी बदली झाली. दिवाळी ते शिमगा अनंताकडे बोरिवलीला, शिमगा ते दिवाळी नंदकुमारकडे मुलुंडला, अशी मुलांनी माझी वाटणी केली आहे. ट्रंक मात्र अजून मुलुंडलाच आहे. तिला इथे ठेवायला जागा नाही म्हणून मला एका पिशवीत आणलंय.

तुझ्या पत्राचं आता एकेक बघू. तू सोमवारी गुंफेत दिवा लावतोस. तुझ्या बापानंतर तो मान तुझा आहे आणि त्याबद्दल तू दर पत्रात मिशीला पीळ देतोस. मग ह्या सोमवारी दिवा लावायला कसा गेलास? मोहोळाखालून रांगत? आणि वाट वाहून गेली म्हणतोस, तर खोताचा बैल गुंफेच्या तोंडापर्यंत काय उडत गेला? खोटं बोलायचं तर नीट बोलावं. तुझ्या दादांनाही ते कधी जमलं नाही, पण ते निदान गप्प बसायचे.

मला वाटतं माझ्या जागेत तू पेंढा भरून ठेवला आहेस. नाहीतर भावकीतल्या आपल्या पुतण्याला, वरच्या घरच्या शिवदासला देऊन टाकलीस. तो माप दिलं त्या दिवसापासून माझ्या खड्ड्याकडे बघून जिभल्या चाटतोय. "मुंबईक गेलेली माणसां मेल्यार कशाक येतत," असं माझ्या तोंडावर म्हणाला होता मेला. तसं असेल तर आत्ताच सांग, मी येताना काठी घेऊन येते.

थट्टा पुरे. एक सांगते, ते कुणाला वाचून दाखवू नकोस. मुलं माझी वाईट नाहीत. सुनाही नाहीत. पण परळची खोली सोडली, तिच्यातून ही दोन घरं उभी राहिली, आणि दोन्ही घरांत मी हॉलमध्ये झोपते. टीव्ही बंद झाला की माझं अंथरूण पडतं. सकाळी पहिला माणूस उठायच्या आत ते गुंडाळायचं. दारावरच्या पाट्यांवर मुलांची नावं, सुनांची नावं, बोरिवलीला तर कुत्र्यापासून सावध राहायची पण पाटी आहे, आणि कुत्रा नाहीच. माझं नाव कुठे नाही. मी तक्रार करत नाही, सांगते आहे.

तर या अख्ख्या जगात माझ्या मापाची जागा एकच आहे, आणि ती तुमच्या डोंगरात आहे. झोप लागेना की मी डोळे मिटून तिथे जाऊन बसते. मग झोप लागते. ती जागा शाबूत आहे एवढं मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे. मरायचं काही मनात नाही, उगाच घाबरू नकोस.

२८ तारखेच्या रातराणीचं तिकीट अनंताने काढलं आहे. २९ला सकाळी कणकवली, तिथून तुमच्या पायथ्याची गाडी. न्यायला ये.

रत्नप्रभा


कातळशिरे,
१५ नोव्हेंबर १९८६

वहिनी, सहदेव पाया पडतो.

मोहोळ उठलं. पण बिबट्या आला आहे.

तुम्ही हसाल, पण आला आहे. शिवदासच्या वाड्यातली शेळी गेली. मी तुम्हाला भीती घालत नाही, फक्त कळवतो.

तुमचं पत्र मी कुणाला वाचून दाखवलं नाही. स्वतःच तीनदा वाचलं. वहिनी, मी अडाणी माणूस, गिरणीत बारा वर्षं साचा चालवला आणि दम लागायला लागला तेव्हा घरी आलो. तुम्हाला शिकवावं अशी माझी लायकी नाही. पण आता काळ बदलला. मुंबईत म्हणे विजेवरचं असतं, बटण दाबलं की झालं, कुणाला त्रास नाही. तुम्हाला इतक्या लांब टेम्पोत घालून आणायचं, घाट, पाऊस, मुलांच्या रजा. तेव्हा तुम्ही जागा सोडलीत तर भावकी तुम्हाला नाव ठेवणार नाही, एवढं मी भावकीच्या वतीने बोलतो. नाहीतर दुसरीकडे कुठे बघू. डोंगर मोठा आहे.

तुमची जागा कुणी घेतली असं गाडीत वगैरे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. घेतली असं काही म्हणता येणार नाही.

माझ्या पोटात दोन दिवस दुखतंय. औषधासाठी कदाचित बाहेरगावी जावं लागेल.

सहदेव


कातळशिरे,
१ डिसेंबर १९८६

सहदेव गोसावी, मुक्काम लेकीचं घर, नाहूर, यांस.

काय रे पळपुट्या! पोटदुखीच्या औषधाला माणूस कणकवलीला जातो, फार तर कोल्हापूरला. तू नाहूरला गेलास. मुलुंडला लागूनच! मी तुझ्या ओटीवर बसून हे लिहितेय आणि तू माझ्या दाराशी जाऊन लपलायस. आपल्या दोघांच्या गाड्या बहुतेक अर्ध्या वाटेत एकमेकींना ओलांडून गेल्या असतील.

गाडीवर न्यायला कोणी नाही. पिशवी डोक्यावर घेऊन चढले. दारात विमला, पदर तोंडात कोंबलेला. म्हणते, "वयनीनू, ते नाय हत. काल राती नाहूराक गेले, चेडवाकडे. माका काय इचारू नकात." मी काहीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, चहा टाक.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी वर गेलो. वाट झकास आहे. इतकी चांगली वाट बोरिवली स्टेशनबाहेर नाही. मोहोळाचा मागमूस नाही, आणि बिबट्या म्हणशील तर शिवदासची शेळी आम्हाला वाटेतच भेटली. करवंदीचा पाला खात होती. तब्येत बरी आहे तिची.

पहिल्या गुंफेत मूळ पुरुषाला नमस्कार केला. तीनशे वर्षं तो तिथे नुसता बसून आहे आणि सगळं गाव त्याच्या पाया पडतं. आमच्या ह्यांनी एक रविवार असं बसून काढला तर मी भांडायची. दुसरी गुंफा वटवाघळांची. मग तिसरी, आपली. आत गेल्यावर तसंच गार वाटलं, पहिल्यांदा आले तेव्हा वाटलं होतं तसं. ओळीने सासरे, सासूबाई, चुलतसासरे. सगळ्यांच्या दगडांवर पणतीचं काळं. तुझे दादा. त्यांच्या दगडाला हात लावला आणि रडू आलं ते आलंच, त्यात काय लाजायचं. मग पदराने डोळे पुसून डावीकडे बघितलं.

माझा खड्डा भरलेला. वर दगड, दगडावर गेरू, आणि गेरूवर पितळेचा अडकित्ता. मोराचा. चोच मोडलेला.

तो मोर मी जन्मात विसरणार नाही, त्याची चोच माझ्याच घोट्यावर मोडली आहे. विमलाला विचारायची गरजच नव्हती, तरी विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "मालनवन्सं बसलीहत." आणि वर म्हणे, "काय तां तेंकाच इचारा."

वाट लावलीस तू माझी, सहदेवा. खड्डा माझा, मीठ माझं, नवरा माझा, आणि बसली आहे ती! परळला भाडेकरू खोली अडवून बसतात ते बघितलंय, पण मेलेला पोटभाडेकरू पहिल्यांदा बघितला. जिवंतपणी त्या घरात मला चुलीजवळ बसू दिलं नाही, आणि आता मेल्यावरही माझ्या नवऱ्याच्या डाव्या हाताला तीच. आणि तू बटण दाबायच्या गोष्टी सांगत होतास मला! माझं पत्र तीनदा वाचून!

गुंफेत अजून जागा आहे का ते बघितलं. वन्संच्या पलीकडे कोपरा आहे, पण तिथे वरून पाणी ठिबकतं म्हणून कुणी खणलेला नाही. आणि दादांच्या उजव्या हाताला धाकट्या भावाची जागा आहे, कोरडी, ऐसपैस, तुझ्या नावाने आधीच खणून ठेवलेली. तिचा दगड मी आणि विमलाने मिळून सरकवला. मी आत उतरून मांडी घालून बसले. विमलाने कपडे वाळत घालायच्या दोरीने माझं माप घेतलं. सात वर्षांत दोन बोटं बुटकी झाले आहे आणि किती रुंद झाले ते विमलाने सांगितलं नाही. जरा सैल होते, पण चालेल.

आता तू कुठे बसायचं ते तू बघ. नाहूरला जागा आहे का विचार.

रत्नप्रभा


नाहूर,
८ डिसेंबर १९८६

वहिनी,

पत्र लेकीने, उत्तराने, वाचून दाखवलं. मोठ्याने. जावई होते, शेजारचे पण होते. माझं जे व्हायचं ते झालं, त्याचं काही नाही.

माझी जागा घ्या. मनापासून लिहितो. ती तुमच्यासाठी कमीच आहे.

आता जे सांगतो ते सांगणार नाही अशी मी ताईची शपथ घेतली होती. तिने माझा हात तिच्या डोक्यावर ठेवून घेतलान. पण आता तिच्या डोक्याला माझ्या शपथेने काय होणार?

दादा गेले आणि शिवदासने तोंड सोडलंन. मुंबईची बाई कशाला येते, दोन वर्षांत मुलगे विसरतील, ती जागा माझ्या आईला द्या, आमच्या ओळीत आता जागा उरली नाही. भावकीच्या बैठकीत त्याच्या बाजूला बरीच माणसं झाली. मी काही बोललो नाही. तुम्हाला माहीत आहे मी बोलत नाही. ताई दाराआडून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं, तिने अडकित्ता आणि सुपारी घेतलीन, काठी घेतलीन आणि डोंगर चढून गेली. तुमच्या खड्ड्यावरचा दगड तिने कसा सरकवला ते देवाला माहीत. आत उतरून मांडी घालून बसली आणि सुपारी कातरत राहिली. शिवदास गेला बघायला, तर त्याला म्हणाली, "ही रत्नाची जागा. ती येतली तेवा मी उठान. तवसर हय कोण बसता तां मी बगतंय."

तेव्हापासून रोज. पाऊस असो, ऊन असो. पोरं तिला हसायची, बायका नावं ठेवायच्या. ती दुपारभर तिथे बसायची, दिवेलागणीला खाली यायची. मी म्हटलं, ताई, वहिनीला कळवतो. तर माझ्यावर अडकित्ता उगारलान. "तिका कळलां तर बघ. माझ्या डोक्यार मिऱ्या वाटतली."

तुमची पत्रं मी तिला वाचून दाखवायचो, ती तेवढी एक चूक तुमच्यापासून लपवली. मुलुंड झालं की बोरिवली, बोरिवली झालं की मुलुंड, ते सगळं तिला माहीत होतं. तुम्ही तिला शिव्या घातलेला भाग ती परत वाचायला लावायची आणि हसायची. ताईला हसताना मी आणखी कधी बघितलं नाही. एकदा म्हणाली, ह्या घरात माझ्याशी सगळी घाबरून बोलली, एकटी रत्ना भांडली. आणि म्हणाली, "तिका खय जागा नाय रे. माका पण नव्हती. माका म्हायत आसा तां कसा असता."

श्रावणात ती दिवेलागणीला खाली आली नाही. मी कंदील घेऊन वर गेलो. ती बसलेली होती, वहिनी. पाठ ताठ, मांडी घातलेली, हातात अडकित्ता, कपाळाला आठी. मला वाटलं आता ओरडेल, उशीर का केलास म्हणून.

सकाळी भावकी जमली. शिवदास म्हणाला, लेकीला इथे हक्क नाही, उचला हिला. दोन माणसं पुढे झाली. आणि वहिनी, मी जन्मात पहिल्यांदा बोललो. मी खड्ड्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, जो बसून गेला त्याला आपल्यात उठवत नाहीत, आता हिला उचलून दाखवा. मला वाटलं शिवदास मारणार. पण त्याने मान खाली घातलीन. मग मीच माळ्यावरून तुमचं पोतं आणलं. दुसरं मीठ घरात नव्हतं.

तुमची जागा राखता राखता तीच जागा अडली, हे तुम्हाला कसं लिहायचं ते मला कळेना. तुम्ही रागावाल त्याची भीती होतीच. पण जास्त भीती ही, की तुम्हाला वाटेल तुमची एकुलती एक जागा पण गेली. म्हणून बिबट्या.

माझी जागा घ्या. मी कुठेही बसेन.

सहदेव


कातळशिरे,
१९ डिसेंबर १९८६

सहदेवा,

पत्र आलं त्या दिवशी विमलाने भात लावला होता. मी जेवले नाही. विमलाने विचारलं काय झालं, तर तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, मोठ्याने, शेजारपाजार जमवून. फिट्टंफाट. शिवदासची आईसुद्धा आली होती. ती सगळ्यांत जास्त रडली. मी पण रडले. वन्स गेल्या तेव्हा आलं नव्हतं, ते सगळं आता आलं.

मेली कुठली! तीन वर्षं माझ्या खड्ड्यात बसून माझी पत्रं ऐकून हसत होती! एक ओळ पाठवली असती तर मी धावत आले असते. पण ती पाठवणार नाही आणि मी तिला कधी विचारणार नाही, असेच आम्ही दोघी. तिला काय काय लिहिलं होतं मी, सहदेवा. "त्या बाईला सुपारीबरोबर जीभ पण कातरता यावी," असं एकदा लिहिलं होतं. तेही तू वाचलंस का? वाचलं असशीलच. दोनदा.

आता कामाचं ऐक. तुझी जागा तुला परत. तुझा दगड मी आणि विमलाने जसाच्या तसा सरकवून ठेवला आहे, आत दोरी टाकली होती ती काढून घेतली, कपडे वाळत घालायला लागते. जो माणूस जन्मात एकदाच बोलला आणि ते माझ्या नणंदेसाठी बोलला, त्याला मी जागेवरून उठवणार नाही. मिशीला पीळ दे, माझी परवानगी आहे.

मी वन्संच्या डावीकडचा कोपरा घेतला. ठिबकतं तर ठिबकू दे, मुलुंडला बाथरूमच्या छतातून ठिबकायचं त्यापेक्षा बरंच कमी आहे. भावकीला विचारलं. शिवदास म्हणाला, बायकोची जागा नवऱ्याशेजारी, नणंदेच्या शेजारी बसायची रीत नाही. मी म्हटलं, तुझे काका छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्याशी धड दहा वाक्यं बोलले नाहीत, आता काय बोलणार आहेत? ते त्यांचे तिकडे शांत बसू देत. मला भांडायला कुणीतरी शेजारी पाहिजे.  विमलाने माप घेतलं.

येताना मुलुंडच्या मिठागरातून मीठ घेऊन ये. दोन पोती आण. एक माझं, आणि एक वन्संच्या नावाचं. त्यांना माझ्या उसन्या मिठावर ठेवायचं नाही. त्या कुणाचं काही ठेवून घेणाऱ्यातल्या नव्हत्या आणि मला पुढे जाऊन ऐकून घ्यायचं नाही. नंदकुमारकडून माझी ट्रंकही उचल आणि दोघा मुलांना सांग की शिमग्याची बदली रद्द. भांडण नाही, राग नाही. मे महिन्यात नातवंडांना आंबे खायला पाठवा म्हणावं. वन्संची खोली झाडून मी तिथे राहते आहे. दाराला आतून कडी आहे. अंथरूण दिवसभर घातलेलं ठेवते, मुद्दाम. गुळाच्या बरणीची किल्ली उशाखाली सापडली. बरणीत गूळ नव्हता, माझी पत्रं होती. ती वाचत बसले नाही, किल्ली फेकून दिली आणि बरणीत गूळ भरला.

दुपारी जेवण झालं की वर जाते. अडकित्ता वापरायला शिकते आहे, बोट कापलं एकदा. वन्संना दिवसभरातलं सगळं सांगते, विमलाने आमटीत मीठ जास्त घातलं इथपासून. काल दिवेलागणीच्या सुमारास गुंफेच्या तोंडाशी शिवदास आला. आत अंधार, त्याला नीट दिसेना. लांबूनच हाक मारली, "हय कोण बसला आसा?"

मी म्हटलं, "आमी दोगी."

रत्नप्रभा